जर्मनची होडी

आमच्या घरात आजवर एकही वस्तू एकमताने विकत घेतली गेलेली नाही. कुकर किती लिटरचा असावा या प्रश्नावर आमची एक अख्खी दिवाळी खर्ची पडली होती, आणि पडद्यांचा रंग ठरेपर्यंत खिडक्यांना वर्तमानपत्रे लावून आम्ही तीन महिने काढले होते. त्यामुळे गेल्या एप्रिलात जेवणाच्या टेबलावर मी जेव्हा "आपण एक होडी घ्यावी म्हणतो" असे जाहीर केले, तेव्हा पुढे काय वाढून ठेवले आहे याची मला पुरती कल्पना होती.

होडी म्हटल्यावर वाचकांना वाटेल, स्वारीला अमेरिकेत लॉटरी लागलेली दिसते. तसे काही नाही. आम्ही राहतो ते मिनेसोटा राज्य अमेरिकेच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या वेशीवर. इथे दहा एकरांहून मोठी तळीच ११,८४२ आहेत, आणि सरकारदरबारी नोंदलेल्या होड्या आठ लाखांच्या आसपास! आपल्याकडे गल्लीतल्या प्रत्येक घरापुढे जशी स्कूटर उभी, तशी इथे प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या अंगणात ट्रेलरवर चढवलेली होडी उभी असते. शाळेतला शिपाई, नळदुरुस्तीवाला, बँकेतला कारकून, सगळे शनिवारी सकाळी तिला मोटारीच्या शेपटीला बांधून तळ्यावर जातात. या होड्या बहुतांशी ॲल्युमिनियमच्या, १२ ते १६ फूट लांबीच्या, मासे पकडण्यासाठी केलेल्या. पण त्यांत बायकापोरे, कुत्रे आणि सॅन्डविचचे डबेही सुखाने मावतात. डोंबिवली सोडून इथे आल्याला मला वीस वर्षे झाली. वीस वर्षे मी हा सोहळा काठावरून पाहिला होता.

मग आताच ही हुक्की का आली? त्याचे कारण आमची आई.

वडील गेल्यानंतर आईची इकडची ही पहिलीच फेरी. विमानतळावर उतरल्याबरोबर तिने सांगून टाकले, "ही माझी शेवटची खेप हं. आता गुडघे साथ देत नाहीत." त्यानंतर ती फारशी बोललीच नाही. सकाळी चहा झाला की खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसायची. समोर शेजाऱ्याची होडी. तो रोज तिला फडक्याने पुसायचा. आठवडाभर हे पाहिल्यावर आईने एक दिवस आपण होऊन विचारले, "हा तिला नुसता न्हाऊमाखू घालतो. पाण्यात कधी नेतो?" आठ दिवसांत तिने विचारलेला तो पहिला प्रश्न होता. त्या रात्री मी वही काढली.

आई मूळची कर्ली खाडीच्या काठची. मालवणच्या बाजाराला जायचे तर खाडी ओलांडून देवबागेला उतरायचे, हा त्यांचा रस्ता. एस.टी.च्या आधी तिला होडी ठाऊक. "कसली घेतोयस?" तिने विचारले.

"ॲल्युमिनियमची."

"म्हणजे जर्मनची?" आई उडालीच. "अरे, जर्मनच्या पातेल्यात आम्ही ताकसुद्धा ठेवत नाही, आणि तू त्यात माणसं ठेवणार?"

ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आपल्याकडे 'जर्मनची' भांडी का म्हणतात ते जर्मनांनाही ठाऊक नसेल. पण होडीपुरते म्हणाल, तर या धातूने मोठा पराक्रम केलेला आहे. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले तेव्हा अमेरिकेत विमानांसाठी उभारलेले कारखाने आणि पत्रा वाकवण्यात तरबेज झालेले कारागीर एकाएकी रिकामे झाले. लढाऊ विमाने बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीने त्याच वर्षी ॲल्युमिनियमची वल्ह्याची कनू होडी काढली. १९४६ साली मिनियापोलिसला ॲल्युमाक्राफ्ट आणि १९४८ साली न्यूयॉर्क मिल्स नावाच्या मिनेसोटातल्याच एका लहानशा गावात लुंड, अशा कंपन्या उभ्या राहिल्या. लाकडी होडीला दर वर्षी डागडुजी आणि रंग लागतो. हिच्या अंगाला किडा लागत नाही, कुजणे नाही. खडकावर आपटली तर बहुधा पोचा येतो, भोक पडत नाही. आणि वजन इतके कमी की लहान होडी दोघा माणसांना उचलता यावी. पत्र्याची जाडी दोन-अडीच मिलिमीटर! अवगुण दोनच. उन्हात तव्यासारखी तापते, आणि आत चमचा पडला तरी देवळातली घंटा वाजवल्यासारखा नाद होतो. मासे पळतात आणि शेजारच्या होडीतले लोक वळून बघतात.

आता घरातल्या मागण्या ऐका. सौ. सदाशिव पेठेतली, मासे खाणे सोडाच, मत्स्यावताराचे चित्रही तिने लांबूनच पाहिलेले. तिच्या अटी: बसायला पाठ टेकता आली पाहिजे, डबा ठेवायला कोरडी जागा पाहिजे, आणि पकडलेला मासा परत पाण्यात सोडला पाहिजे. चिरंजीव वय वर्षे आठ. त्यांना फक्त वेग पाहिजे. कन्या बारा वर्षांची. तिला टोकावर बसून पाय सोडायचे होते. आणि मला काय पाहिजे होते? आईचे गुडघे आणि होडीचा काठ यांचा मेळ बसला पाहिजे होता. वहीत मी ते शेवटी लिहिले, पण खाली दोन रेघा मारल्या.

वहीत उमेदवार उरले तीन. पहिली १२ फुटी, मोटारीच्या टपावर बांधून नेता येणारी. स्वस्त, हलकी, ट्रेलरचा खर्च नाही. "आणि आजीला कुठे बांधायचं?" कन्येने विचारले. पहिला उमेदवार तिथेच बाद झाला.

खरा सामना राहिलेल्या दोघींचा. एक १४ फुटी, सपाट तळाची. हिला इकडे जॉन बोट म्हणतात. पुढचे तोंड चौकोनी, एकंदर रूप आपल्याकडच्या फरसाणवाल्याच्या ट्रेसारखे. दुसरी १६ फुटी, नाळ निमुळती आणि तळ पाचरीसारखा उतरता. पहिलीपेक्षा जड, काठ उंच, तिला मोटरही अधिक ताकदीची, आणि अर्थातच किंमतही.

दोघींचे स्वभाव अगदी उलटे. सपाट तळाची होडी पाण्यावर पाटासारखी बसते. धक्क्यावरून पाय टाका, ती हलत नाही. उभे राहून गळ टाका, कुरकुर नाही. पाणी वीतभर असले तरी चालते. पण वारा सुटून लाटा उठल्या की तिचे खरे रूप कळते. तळ सपाट असल्यामुळे लाट जशी कलेल तशी तीही कलते, आणि समोरची प्रत्येक लाट तळावर थाडकन बसते. दात खुळखुळतात आणि अंगावर पाणी येते. पाचरीच्या तळाचीचे याच्या उलट. पहिले पाऊल टाकले की ती अशी डुचमळते की पाय टाकणाऱ्याला रामरक्षा आठवावी. पण एकदा सगळे आपापल्या जागी बसले की ती लाट कापत जाते, आणि जितकी कलवावी तितकी अधिक नेटाने सावरते.

आमच्यापासून दोनेक तासांवर मिल लॅक्स नावाचे तळे आहे. तळे कसले, १,३२,००० एकरांचा समुद्रच. आणि खोली मात्र जास्तीत जास्त ४२ फुटांच्या आसपास. पसरट आणि उथळ पाण्यात वाऱ्याने आखूड, उभ्या लाटा बघता बघता उठतात. तिथे जाण्याचा आमचा बेत नव्हता. पण होडीवाल्याच्या घरात बेत कसे वाढत जातात ते मी वीस वर्षे शेजाऱ्यांकडे पाहिले आहे. शिवाय लहान तळ्यांतूनही मोठाल्या मोटरबोटी भरधाव जातात, आणि त्यांच्या मागची लाट लहान होडीला विचारून येत नाही.

मी तरीही सपाट तळाचीकडे झुकलो होतो. कारण एकच, आईचे पहिले पाऊल. ती न हलता होडीत चढली पाहिजे, बाकीचे आपण बघून घेऊ, असा माझा हिशेब.

इथे मध्ये एका पत्र्याच्या पट्टीने तोंड घातले. अमेरिकेत २० फुटांखालच्या बहुतेक सगळ्या मोटरच्या होड्यांना १९७२ सालापासून एक पट्टी ठोकलेली असते. तिच्यावर तीन गोष्टी: माणसे किती आणि त्यांचे वजन किती पौंड; माणसे, मोटर आणि सामान मिळून वजन किती; आणि मोटर जास्तीत जास्त किती अश्वशक्तीची. आपल्याकडे बसमध्ये 'उभे प्रवासी' असे लिहिलेले असते, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. ही पट्टी मात्र पाहावी. पट्टी नसलेल्या जुन्या होडीसाठी एक ढोबळ हिशेबही सांगतात: फुटांतली लांबी गुणिले रुंदी, भागिले १५. चिरंजीवांनी तो करून दाखवला. चौदा पंचे सत्तर, भागिले पंधरा, म्हणजे चार पूर्णांक दोन तृतीयांश माणसे.

"दोन तृतीयांश म्हणजे मी!" ते आनंदाने ओरडले.

वजनाची बेरीज सुरू झाली. मी माझे वजन सांगितले, त्यावर घरातल्या एकाही माणसाचा विश्वास बसला नाही आणि न्हाणीघरातला काटा आणण्यात आला. पुढचा तपशील वाचकांना सांगण्यासारखा नाही. सौ.ने डब्याचे वजन वेगळे धरले, कारण पुरीभाजी, चिवडा, दहीभात, पाण्याच्या बाटल्या आणि थर्मास हे तिच्या मते सामान नसून गरज होय. एवढे करून बेरीज सपाट तळाचीच्या आकड्याला अगदी टेकली. हिशेबात बसत होते. काठोकाठ बसत होते.

पुढच्या शनिवारी आम्ही सहकुटुंब विक्रेत्याकडे गेलो. म्हातारा गृहस्थ, सत्तरीतला, बोलायला सावकाश. दोन्ही होड्या जुन्या, ट्रेलरवर शेजारी शेजारी ठेवलेल्या. मी जोडाचे विचारले: पत्रे रिव्हेट मारून जोडलेले बरे, की वेल्डिंगचे? तो म्हणाला, रिव्हेट वर्षानुवर्षे लाटांनी हलून सैल होते आणि पाणी पाझरते, पण पुन्हा ठोकता येते. वेल्डिंगला ते दुखणे नाही, पण तडा गेलाच तर साध्या कारागिराचे काम नव्हे. जुनी घेताना आत पाणी भरून खालून थेंब कुठे पडतो ते पाहावे, हा त्याचा सल्ला. मला माणूस आवडला. विकणारा मनुष्य गळती कशी शोधावी हे सांगतो, ही काही रोजची गोष्ट नाही.

आई तोवर दोन्ही होड्यांभोवती फेरी मारून आली होती. तिने भांडे घेताना वाजवतात तसे बोटाच्या पेराने दोघींना वाजवून पाहिले. मग मला म्हणाली, "त्यांना तीन गोष्टी विचार. आपण सगळे बसल्यावर काठ पाण्यापासून किती विती वर राहील? आत आलेलं पाणी जातं कुठून? आणि ही भरली, तर धरायचं काय? हिला उलांडी दिसत नाही."

उलांडी हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. मालवणकडच्या होडीला एका अंगाला आडव्या दांड्यांवर बांधलेला लाकडी ओंडका असतो, तो होडीला उलटू देत नाही, ती उलांडी. आईने मग तिथेच, ट्रेलरला टेकून, कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. १९५८ साल असेल, ती नऊ वर्षांची. बाजाराचा दिवस. होडी भरलेली, तरी तारूवाल्याने आणखी दोघे घेतले. माझ्या आजोबांनी काठाकडे एकदा पाहिले आणि लेकीला हाताला धरून खाली उतरवले. लोक हसले. खाडीच्या तोंडाशी होडीत पाणी आले आणि ती काठोकाठ भरली. भरली, पण उलटली नाही. माणसे उलांडीला धरून राहिली आणि दुसऱ्या होडीने सगळ्यांना आणले. "सगळे आले," आई म्हणाली, "पण तुझ्या आजोबांना त्या दिवसापासून कोणी हसलं नाही."

मी प्रश्न म्हाताऱ्याला इंग्रजीत सांगितले. त्याने टोपी काढली. म्हणाला, चाळीस वर्षांत असे प्रश्न मला फार थोड्यांनी विचारले. लोक विचारतात, जाते किती वेगाने. मग त्याने बाकाखालची जागा दाखवली. तिथे फेस गोठवल्यासारखा हलका पदार्थ ठासून भरलेला असतो. इथला नियमच आहे की या जातीची, दोनाहून अधिक अश्वशक्तीची मोटर लावायची होडी पाण्याने पूर्ण भरली तरी बुडता कामा नये आणि उलटताही कामा नये. सपाट, आडवी तरंगत राहिली पाहिजे, म्हणजे माणसांना तिला धरून राहता येते. "होडी सोडून काठाकडे पोहायला निघू नका," तो म्हणाला. "हीच तुमची उलांडी." शब्द त्याने आईकडूनच उचलला आणि बऱ्यापैकी उच्चारला.

पाणी जाण्याची वाट म्हणजे मागच्या बाजूचे बूच. पाण्यात उतरवण्यापूर्वी ते घट्ट लावायचे, आणि बाहेर काढल्यावर उघडून पाणी सोडून द्यायचे. मिनेसोटात रस्त्याने होडी नेताना बूच काढलेलेच असले पाहिजे असा कायदा आहे, कारण साठलेल्या पाण्यातून झेब्रा शिंपल्यांसारखी उपद्रवी जीवजात एका तळ्यातून दुसऱ्यात जाते. सोवळ्याचा हा प्रकार सौ.ला मनापासून पटला.

राहिला काठ. सपाट तळाचीत आम्ही सगळे बसल्यावर तो एका वितीच्या जरा वर राहिला असता. १६ फुटीचा दोन विती आणि चार बोटे. पट्टीवरचा आकडाही ५ माणसांचा.

"पण आई, ही चढताना हलते," मी म्हणालो.

आईने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी अजून दोन तृतीयांश आहे. "चढताना हलली तर चालेल. चढल्यावर हलणारी नको. चढताना चार माणसं धरायला असतात रे."

माझा सगळा हिशेब त्या एका पावलापाशी थांबला होता. पुढचे तीन तास तिला कुठे बसायचे आहे, हे तिनेच पाहिले. १६ फुटी ठरली. २५ अश्वशक्तीची जुनी मोटर, दोन वल्ही, नांगर आणि ट्रेलर यांसह. आमच्या घराच्या इतिहासातली ही पहिली एकमताची खरेदी, आणि ती आईच्या मताने झाली.

लाइफ जॅकेटांवरून थोडी चकमक झाली. दहा वर्षांखालच्या मुलांनी होडी चालू असताना ते घातलेच पाहिजे असा इथला कायदा. मोठ्यांनी बरोबर ठेवले तरी चालते. पण अमेरिकेच्या तटरक्षक दलाची आकडेवारी दर वर्षी तेच सांगते: होडीच्या अपघातात बुडून गेलेल्या पाचांपैकी चारांहून अधिक लोकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. त्यामुळे आमच्या होडीत कायदा सगळ्यांना सारखा. आईने नऊवारीवर भगव्या रंगाचे जॅकेट चढवले आणि आरशात पाहून म्हणाली, "वारकरी दिसते."

जूनच्या एका सकाळी एका लहानशा तळ्यावर आम्ही ती पाण्यात सोडली. चढताना होडी हललीच. मी पाण्यात उभा राहून काठ धरला होता, सौ.ने धक्क्यावरून हात दिला. आईने एकदाच पाहिले, पाऊल बरोबर मधोमध टाकले आणि ताबडतोब बसली. "एक पाय धक्क्यावर आणि एक होडीत ठेवून विचार करत बसू नये," तिने नातवंडांना सांगितले. मग हात बाहेर काढून तिने बोटे पाण्यात बुडवली आणि जिभेला लावली.

"गोडं आहे," ती म्हणाली. जरा नाराजीनेच.

तीन तासांत तळहाताएवढे चार सनफिश मिळाले आणि सौ.च्या अटीप्रमाणे परत गेले. "एवढ्याला आमच्याकडे मांजरसुद्धा उठत नाही," असा शेरा आईने मारला. पण त्या तीन तासांत ती थांबली म्हणून नाही. खाडी, भरती-ओहोटी, रापण ओढणारे लोक, आणि लग्नानंतर पहिल्यांदा होडीत बसलेले, घाबरून काठ घट्ट धरलेले डोंबिवलीचे माझे वडील. वडिलांचे नाव तिने या खेपेस तोवर घेतले नव्हते. मुले हसत होती, आईही हसली. मोटर मी मुद्दाम बंद ठेवली होती.

परत येताना बूच काढले, ट्रेलर बांधला. आई मोटारीत बसली, मागे वळून तिने होडीकडे पाहिले आणि म्हणाली, "बाकी सगळं ठीक आहे. पुढच्या खेपेला येईन तेव्हा एक उलांडी तेवढी लावून ठेव."

सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी रस्त्याकडे पाहिले.

तेव्हापासून मी मिनेसोटातली दुकाने पालथी घालतो आहे. ॲल्युमिनियमच्या १६ फुटी होडीला उलांडी बसवून देणारा अजून भेटलेला नाही. वहीत नवे पान काढले आहे, आणि घरात त्यावरून दोन तट पडले आहेत.